कोथरूडची गाडी, वीस वर्षं लेट

माझ्या फोनमध्ये 'रविवार = रेल्वे' नावाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. बुधवारी रात्री तो जन्माला आला तेव्हा त्यात सात जण होते. गुरुवारी सकाळी आयटीवाला गळाला. ("यार, रिलीज आहे. सोमवारी क्लायंट जागा होईल तोपर्यंत मी ऑफिसातच.") दुपारी बँकवालीचा मेसेज आला, सासूबाई येतायत. एकाने विचारलं, "तिथे जवळपास खायला काय आहे?" आणि उत्तर न वाचताच ग्रुप सोडला. एक मैत्रीण म्हणाली, "खेळण्यातली गाडी बघायला? मी काय आठ वर्षांची आहे?" शुक्रवार संध्याकाळपर्यंत ग्रुपमध्ये मी, अंगठा दाखवून गायब झालेला एक मित्र आणि डीपीवरचं वाफेचं इंजिन, एवढेच उरलो.

तुमचंही असंच होतं ना? आपल्या पिढीला प्लॅन करायची सॉल्लिड हौस. प्लॅनच्या दिवशी घराबाहेर पडायची मात्र बोंब.

या कॉलमचे नेहमीचे वाचक जाणतातच, की पुण्यातल्या पुण्यात वीकएंड कसा घालवावा याचे सल्ले द्यायचे आणि स्वतः रविवारी दुपारी तीनपर्यंत झोपायचं, हा माझा धंदा आहे. या वेळी जायचं होतं कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये. कर्वे रोडपासून थोडं आत, एका निवासी भागात हे म्युझियम आहे. कै. भाऊसाहेब जोशी यांना लहान आकाराच्या रेल्वेचा नाद. आधी त्यांनी हलवता येईल असा देखावा बनवून त्याची प्रदर्शनं भरवली आणि मग १ एप्रिल १९९८ रोजी कायमस्वरूपी म्युझियम उघडलं. एक अख्खं छोटं शहर, त्यातून धावणाऱ्या गाड्या, साठाहून जास्त सिग्नल्स, उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, गाडीत बसून सिनेमा बघायचं थिएटर, डोंगरावर चढणारी फ्युनिक्युलर. जर्मनीत हॅम्बुर्गचं जगप्रसिद्ध मिनिआटूर वुंडरलँड २००१ साली सुरू झालं. आपलं कोथरूड त्याच्याआधी तीन वर्षं. (हॅम्बुर्गचं कित्येक पटींनी मोठं आहे, हे मान्य. पण पहिलं कोण, ते बघा की!)

आता कबुलीजबाब. पुण्यात राहून मला दहा वर्षं झाली. कर्वे रोडवरून मी रोज जाते. या म्युझियममध्ये मी एकदाही गेले नव्हते. आणि त्याचं कारण आळस नव्हता. राग होता.

*

माझे बाबा स्टेशन मास्तर. एका छोट्या स्टेशनवर, जिथे एक्स्प्रेस गाड्या थांबत नाहीत, फक्त जोरात जातात. २००५ च्या मे महिन्यात मी आठ वर्षांची होते आणि सुट्टीला आत्याकडे पुण्यात आले होते. आत्याच्या शेजारचा मुलगा हे म्युझियम बघून आला आणि आठवडाभर त्याने मला छळलं. मी बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "अगं, खऱ्या गाड्या रोज बघतेस की!" मी रडले. मग म्हणाले, "बरं, रविवारी येतो. आपण दोघं जाऊ."

रविवारी दुपारी मी फ्रॉक घालून आत्याच्या जिन्यात बसले होते. चार वाजले, पाच वाजले. मग फोन आला, रिलीव्हर आला नाही. म्हणजे ज्याने येऊन बाबांच्या हातून ड्यूटी घ्यायची, तो माणूसच आला नव्हता, आणि स्टेशन सोडून मास्तरला निघता येत नाही. "पुढच्या वेळी नक्की," बाबा म्हणाले. आत्या म्हणाली, मी नेते. मी म्हटलं, नाही. जाईन तर बाबांबरोबरच.

पुढची वेळ आली नाही. दिवाळीला ड्यूटी, गॅदरिंगला ड्यूटी, दहावीच्या निकालाला नाइट ड्यूटी. मी मोठी झाले, मास कॉम केलं, फ्रीलान्सर झाले. बाबा तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले आणि आईबरोबर कराडला स्थायिक झाले. आमचं बोलणं म्हणजे "जेवलीस का?" "हो. तुम्ही?" "हो. आईला देतो."

तर शुक्रवारी संध्याकाळी मी ग्रुपवरच्या डीपीकडे बघत बसलेले असताना आईचा फोन आला. "उद्या बाबा येतायत कोयनेने. इथले डॉक्टर म्हणाले, पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. शनिवारची वेळ घेतलीये. काचबिंदू म्हणतायत."

"कधीपासून?"

"आठ महिने झाले असतील. तुला सांगू नको म्हणाले. तू कामात असतेस."

*

शनिवारी डॉक्टरांनी समजावलं ते तुम्हालाही सांगते, कारण आपल्यातले बरेच जण रात्रंदिवस स्क्रीनकडे बघतात आणि डोळे कधी तपासलेत ते आठवत नाही. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू खराब होते, बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. दुखत नाही, लाल होत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं. म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. पण थेंब नियमित घातले, तर आहे ती टिकवता येते. आणि घरात एकाला असेल, तर त्याच्या मुलांना आणि भावंडांना धोका जास्त. "तुम्हीही तपासून घ्या," डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले. मी मान डोलवली, जशी आपण जिमच्या मेंबरशिपला डोलवतो.

डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीच गेली होती. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "म्हणजे बोगद्यातून बाहेर बघितल्यासारखं."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले.

रेल्वेत ठरावीक वर्षांनी डोळ्यांची तपासणी होते. सिग्नलशी संबंध असलेल्या माणसाच्या नजरेचे निकष कडक असतात. बाबा प्रत्येक तपासणीत पास. या गोष्टीचा त्यांना किती अभिमान, ते मला माहीत आहे. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "रिटायर झाल्यावर झालं, बरं झालं."

आणि मी रिक्षात बसता बसता म्हणून गेले, "बाबा, संध्याकाळी छोटी रेल्वे बघायला जायचं? कोथरूडची?"

ते काही क्षण गप्प होते. मग म्हणाले, "ती अजून आहे?"

म्हणजे त्यांच्याही लक्षात होतं.

*

आता प्लॅनिंगचा भाग. शनिवारचा प्लॅन पंधरा मिनिटांत मोडला. तपासणीसाठी बाबांच्या डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब घातले होते. रिसेप्शनवरच्या ताई म्हणाल्या, "आज संध्याकाळपर्यंत जवळचं धूसर दिसेल, उजेडाचा त्रास होईल. बारीक काही बघायला नेऊ नका." आणि मी नेमकं बारीकच बघायला नेत होते! म्हणून ठरलं रविवारचं. बाबांचं परतीचं तिकीट सोमवारवर ढकललं.

मग मी म्युझियमला फोन केला. हे सगळ्यात महत्त्वाचं. हा काही मॉल नाही, एका कुटुंबाने चालवलेली जागा आहे. शो ठरावीक वेळी असतो आणि वेळा बदलू शकतात. शो म्हणजे प्रकाश आणि आवाजाचा खेळ, साधारण पंचवीस मिनिटांचा, बराचसा अंधारात. त्यामुळे वयस्कर माणसाला घेऊन जाणार असाल तर दहा मिनिटं आधी पोचा, अंधार व्हायच्या आत जागा पकडा आणि ज्या बाजूची नजर चांगली, ती बाजू देखाव्याकडे येईल असं उभं करा किंवा बसवा. बाबांसाठी मी हे कागदावर चित्र काढून ठरवलं. कधी नव्हे ते होमवर्क!

प्रवास सोपा. मेट्रोने नळ स्टॉपला उतरायचं, पुढे रिक्षा. गाडी नेऊन पार्किंग शोधण्यात शो घालवू नका.

शनिवारी रात्री बाबांची नजर साफ झाल्यावर आम्ही मॅगी खात बसलो आणि मी त्यांना गुगलवरून गोळा केलेलं ज्ञान ऐकवलं. छोट्या रेल्वेतलं जगभर सगळ्यात चालतं माप म्हणजे एचओ. १:८७. खऱ्यातला एक फूट इथे साडेतीन मिलिमीटर होतो. दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर.

बाबांनी काटा खाली ठेवला. "साडेसोळा गुणिले सत्त्याऐंशी किती?"

मी फोन काढेपर्यंत ते म्हणाले, "चौदाशे पस्तीस. हे युरोपचं स्टँडर्ड गेज झालं. आपलं ब्रॉड गेज सोळाशे शहात्तर. आपली गाडी दाखवायची, तर एकोणीस मिलिमीटर पाहिजे."

"म्हणजे एचओच्या रुळावर डेक्कन क्वीन ठेवली तर चुकीचं?"

"पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसेल," बाबा म्हणाले.

मग त्यांना चेव आला. ताशी शंभर किलोमीटरने जाणारी गाडी या मापात सेकंदाला बत्तीस सेंटिमीटर जायला हवी, म्हणजे आपण रमतगमत चालतो त्याहूनही हळू. खेळण्यातल्या गाड्या लोक उगाच पळवतात. आपल्या नव्या लाल एलएचबी डब्याची लांबी साडेतेवीस मीटर, इथे सत्तावीस सेंटिमीटर. वीस डब्यांची गाडी केली तर साडेपाच मीटर. "तुझ्या हॉलमध्ये मावणार नाही." ब्रॉड गेजवर सगळ्यात तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर. या मापात दोन मीटर. म्हणजे नुसतं वळून परत यायला चार मीटर रुंद खोली. म्हणून छोट्या रेल्वेत वळणं खूप जास्त तीव्र ठेवावी लागतात आणि डबे लहान. "जागेसाठी तडजोड. पुण्यातल्या फ्लॅटसारखं."

माझे बाबा विनोद करतात, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.

आणि मग त्यांनी उठून दाखवलं. "माझी उंची किती? पाच फूट सहा इंच. ब्रॉड गेज किती? पाच फूट सहा इंच. मी म्हणजे बरोब्बर ब्रॉड गेज. ट्रेनिंगमध्ये सगळे मला गेज म्हणायचे."

त्या मापात बाबा एकोणीस मिलिमीटरचे झाले असते. माझ्या करंगळीच्या पेरापेक्षा छोटे. का कोण जाणे, मला एकदम गिळताच येईना.

*

रविवार. शो पाचचा. आम्ही चारला निघणार. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. एका कंपनीचं ब्रोशर मी लिहून दिलं होतं. मॅनेजर म्हणाले, "थोडे चेंजेस आहेत. साडेसहापर्यंत मिळालं तर छपाईला जाईल." थोडे म्हणजे बारा पानांपैकी नऊ. पैसे चांगले होते. माझं दीड महिन्याचं भाडं निघालं असतं.

मी म्हटलं, "हो हो, करते."

मग मी आतल्या खोलीत गेले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून खुर्चीत बसले होते. खिशात पेन. चपला दाराशी जोडून ठेवलेल्या. अजून पावणेदोन तास होते निघायला.

"बाबा," मी म्हटलं, "ऐका ना, एक काम आलंय अर्जंट. आपण पुढच्या वेळी..."

एवढं म्हणाले आणि थांबले. हे वाक्य माझं नव्हतं. वीस वर्षं मी ज्याच्यावर चिडून होते, ते हे वाक्य होतं, आणि ते माझ्या तोंडातून किती सहज निघालं!

बाबा म्हणाले, "जा की. काम आधी. मला कळतं." आणि खरंच त्यांना कळत होतं. चेहऱ्यावर जराही राग नाही. तेच जास्त लागलं.

मला तोवर वाटायचं, त्या दिवशी बाबांनी मला निवडलं नाही, ड्यूटी निवडली. पण त्यांच्याकडे निवड होतीच कुठे? त्यांनी स्टेशन सोडलं असतं, तर दोन गाड्या समोरासमोर येऊ शकल्या असत्या. मी ब्रोशर सोडलं असतं तर काय झालं असतं? एक ब्रोशर सोमवारी छापलं गेलं असतं. माझी ड्यूटी म्हणजे ड्यूटी नव्हतीच. सवय होती.

मी फोन केला. म्हटलं, आज जमणार नाही, उद्या सकाळी नऊला देते. पलीकडे शांतता. मग, "बघतो." (ते काम दुसऱ्या कुणाला गेलं. या महिन्यात मी घरचं खातेय आणि माझी त्वचा उजळलीये, हा फायदा.)

*

शोबद्दल फार सांगत नाही, तुमचं बघायचं राहू दे. दिवे मंद होतात आणि त्या छोट्या शहराचे दिवे लागतात. खिडक्या, रस्त्यावरचे खांब, सर्कशीचा तंबू. गाव बरंचसं परदेशी वळणाचं, पण निवेदन ओळखीच्या भाषेत. गाड्या निघतात, पुलाखालून जातात, एकमेकींना चुकवतात. आजूबाजूची पोरं "ती बघ! ती बघ!" करत होती. माझ्या शेजारी एक जण लॅपटॉपची बॅग पाठीवर घेऊन एकटाच आला होता, तोही हळूच "ती बघ" म्हणाला. कुणाला, देव जाणे.

मी गाड्या कमी आणि बाबांना जास्त बघत होते. आपण डोळे फिरवतो, बाबा अख्खी मान फिरवत होते. गाडी डावीकडे गेली, की मान तिच्यामागे जायची, आणि ती कोपऱ्यात वळली की क्षणभर हरवायची. मग ते थांबायचे, कान द्यायचे, आणि बरोबर जिथून ती पुन्हा निघणार तिथे आधीच नजर लावून बसायचे. छत्तीस वर्षं गाडीची वाट बघितलेला माणूस!

आणि सिग्नल्स. प्रत्येक सिग्नल बदलला की त्यांची बोटं गुडघ्यावर हलत होती. मी कानाशी जाऊन विचारलं, "काय करताय?"

"काही नाही. लाइन क्लिअर देतोय."

शो संपल्यावर मुलं खाऊसाठी बाहेर पळाली. बाबा कठड्याशी उभे राहिले आणि मला पहिल्यांदाच त्यांच्या कामाबद्दल सांगितलं. सुरुवातीच्या काळात त्यांच्या सेक्शनमध्ये सिंगल लाइन होती आणि टोकन चालायचं. टोकन म्हणजे लोखंडी गोळा. दोन स्टेशनांवरची यंत्रं तारेने जोडलेली. पलीकडच्या मास्तरने परवानगी दिल्याशिवाय इकडचा गोळा बाहेर निघत नाही, आणि एक गोळा बाहेर असला की दुसरा निघत नाही. तो गोळा ड्रायव्हरच्या हातात असेल तरच गाडी पुढे जाणार. गाडी थांबणार नसेल तर गोळा वेताच्या कड्याला लावलेल्या पिशवीत घालून, धावत्या इंजिनाकडे वर धरायचा. रात्री, पावसात, एका हातात दिवा.

"त्या रविवारी," बाबा म्हणाले, "मी सात गाड्या काढल्या. प्रत्येक गाडीला वाटायचं, हिच्यात बसावं."

मी काही बोलले नाही. तेही नाही.

मग बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "शेवटी डाव्या हाताने एक गाडी गेली ना, अगदी कडेने? मला दिसली नाही. ऐकू आली."

मी 'नाही' म्हणणार होते. मग म्हटलं, "गेली, बाबा."

"वाटलंच," ते म्हणाले. समाधान झाल्यासारखे. "काय रंगाची होती?"

मी सांगितलं.

*

तर मंडळी, जायचं असेल तर फोन करून वेळ विचारा, दहा मिनिटं आधी पोचा, आणि सात जणांचा ग्रुप करू नका. ज्याच्याबरोबर जायचं राहून गेलंय, अशा एकाच माणसाला विचारा. तो नाही म्हणाला तर कारण विचारा. कारण मिळालं, तर वाद घालू नका. तारीख बदला.

आणि डोळे तपासून घ्या. मी तपासले. सध्या सगळं ठीक आहे, दर वर्षी दाखवायचंय.

बाबा सोमवारी कराडला गेले. त्यांच्या फोनमध्ये मी थेंबांचा अलार्म लावून दिलाय, रात्री आठचा. घातले की मला कळवायचं, असं ठरलंय. पहिल्या दिवशी वाट बघून मीच फोन करणार होते, तेवढ्यात मेसेज आला. तेव्हापासून रोज येतो, आणि आमच्या "जेवलीस का?"च्या आधी येतो.

"८.०२. दोन्ही डोळे. लाइन क्लिअर."

दोन मिनिटं लेट. चालतंय.